मधल्या पदाची गच्छंती

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती अडगळ टाकून देण्यातून झालेली आहे. गणित सुलभीकरण समितीच्या अध्यक्षांनी हे वाक्य उभं राहून उच्चारलं, टाळ्या घेतल्या, आणि मग स्वतःचाच चष्मा शोधायला टेबलाखाली वाकले.

अडगळ सापडली होती. (अ + ब)² म्हणजे अ² + २अब + ब², असं पोरांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जात होतं. पाहणीत आढळलं, की शंभरातली त्र्याऐंशी मुलं मधलं २अब विसरतात आणि उरलेली सतरा शेजारच्याचं बघून लिहितात. (शेजारचा कुणाचं बघतो, हे पाहणीच्या कक्षेबाहेर होतं.) शिवाय हे पद अ चं की ब चं, याचा खुलासा कुठेच नव्हता. दोघांच्या संसारात तिसऱ्याने नाक खुपसावं, तेही दुप्पट होऊन? समितीने एकमताने २अब काढून टाकलं. चहा झाला.

अध्यक्षांचा मोठेपणा असा, की नियम त्यांनी आधी घरी लावला. सासूबाई कायमच्या राहायला येणार म्हणून दहा फुटी चौरस खोली लांबीला आणि रुंदीला दोन-दोन फूट वाढवली होती. दहाचा वर्ग शंभर, दोनाचा चार. फूटभर चौरस अशा एकशे चार फरशा मागवल्या.

गवंड्याने त्या इमानदारीने बसवल्या. जुनी खोली झकास चकाकली. पार कोपऱ्यात चार फरशांचं एक बेट उमटलं. आणि नव्या भिंतींना धरून दोन लांबलचक पट्ट्या राहिल्या, निव्वळ चिखलाच्या.

"अहो, हे काय?" बायकोने विचारलं.

"सुलभीकरण."

"न्हाणीचं दार चिखलापलीकडे आहे. आई जाणार कशी? उडी मारून?"

"बेटावरून वळसा घेता येईल."

"तिचे गुडघे बघितलेत कधी? उद्या सकाळी येतेय ती. तोवर खोली धड झाली नाही, तर तिला घेऊन मी ताईकडे चालले. आणि परत बोलवायला येऊ नका!"

अध्यक्षांनी तातडीने समिती बोलावली. चारही सदस्य बेटावर एकमेकांच्या कमरेला धरून उभे राहिले आणि त्यांनी निर्वाळा दिला: फरशा बरोबर आहेत, खोली जास्त झाली आहे. (एकाचा बूट चिखलातच राहिला. त्याने विरोध नोंदवला नाही.)

समिती गेल्यावर अध्यक्षांनी दार लावून घेतलं आणि दुकानदाराला फोन केला. "आणखी चाळीस पाठवा... नाही हो, चुकलं कुठे? हौस म्हणून. आणि हे बघा, मागच्या दाराने आणा."

सासूबाई सुखरूप आल्या. नवं सूत्र येत्या वर्षापासून सर्वत्र लागू होत आहे.

वाचकहो, हसताय? मग सतरा अधिक सहा, या बेरजेचा वर्ग कागद न घेता करून दाखवा. तीनशे पंचवीस आले ना? लाजू नका, समितीत जागा आहे. फक्त येताना खुर्ची तेवढी आपली आणा.