काझी सरांचा मोरचूद

मी आमच्या रसायनशास्त्र विभागात रुजू झाले त्या दिवशी काझी सरांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि माझ्या वेणीकडे निरखून बघत विचारलं, "मॅडम, एक केस द्याल? लांब पायजे. तेल लावत नाय ना?"

मी दोन पावलं मागे सरकले. मग त्यांनी समजावलं. त्यांची इनऑर्गॅनिकची प्रयोगशाळा म्हणजे स्फटिकांचं पाळणाघर. मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, एक कण त्याच्याच दाट द्रावणात टांगून ठेवायचा. पाणी सावकाश उडत जातं आणि कणाचा निळाभोर खडा होतो. दोऱ्याने टांगलं तर दोऱ्यावरही बारीक खडे धरतात. केस गुळगुळीत, म्हणून केसच हवा. सरांचं स्वतःचं डोकं या बाबतीत केव्हाच निकामी झालं होतं, त्यामुळे अख्ख्या विभागाच्या वेण्यांवर त्यांची नजर असे.

मुली पाकिटातून केस आणून देत. सर ते उजेडात धरून पारखत. "हा स्ट्रेटनिंग केलेला. बाद!" एकदा कामोठ्याहून एका मुलीचे वडील तावातावाने आले, पोरींचे केस मागणारा हा कसला मास्तर म्हणून. सरांनी त्यांना बसवलं, हातात भिंग दिलं. तासाभराने ते गृहस्थ बाटलीत टांगलेला खडा छातीशी धरून, अगदी जपून पावलं टाकत बाहेर पडले.

गंमत म्हणजे सरांच्या घरीच कमरेखाली पोचणारी वेणी होती. जुबेदाभाभी ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन विभागात यायच्या, तेव्हा मेंदीने तांबूस झालेली ती वेणी आम्ही बघत राहायचो. पण भाभींनी नवऱ्याला ठणकावलं होतं, "एक केस मिलनार नाय. आयुष्यभर सांभालले ते काय तुमच्या मोरचुदासाठी? कॉलेजात मागा."

"घाई केली की चुरा होतो" हे सरांचं पालुपद. ते मोरचुदाला लागू, तसंच बिर्याणीला, पीएचडीला आणि माझ्या स्कूटर लावण्यालाही. हादरा हा त्यांचा शत्रू. कोणी दार आपटलं की सर आकाशपाताळ एक करत. समोरच्या रस्त्यावरून न्हावा शेव्याचे ट्रेलर गेले की काचा थरथरायच्या. शेवटी त्यांनी बंदरावर कस्टमची कामं करणाऱ्या धाकट्या भावाला फोन लावला. "सलीम, ते ट्रेलर जरा पलीकडच्या रोडनं नाय का पाठवता येनार?" सलीमने काय उत्तर दिलं ते सरांनी सांगितलं नाही, पण बरेच दिवस भावाभावांचं बोलणं बंद होतं.

मग भाभी गेल्या. सर सगळ्यांच्या आधी येऊ लागले आणि सगळ्यांच्या नंतर जाऊ लागले. खिडकीच्या कोपऱ्यात एक नवं भांडं आलं, त्याला कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद होती. त्यातला खडा वाढत वाढत लिंबाएवढा झाला. यंदा सर निवृत्त होणार, तेव्हा तो नावडे गावातल्या आपल्या घरी न्यायचा असं त्यांनी ठरवलं होतं.

यंदा ईदला सर सलीमकडे गेले. मागे प्रयोगशाळेत स्नेहल होती. ही आमची सर्वांत नवी प्राध्यापिका. कॉम्प्युटरवर रेणू रचण्यात डॉक्टरेट, पण हाताने एकही खडा वाढवलेला नाही. कोपऱ्यातल्या भांड्यातलं पाणी उतरलेलं पाहून तिला कळवळा आला. शेजारणीच्या तुळशीला घालावं तसं तिने त्यात काठोकाठ डिस्टिल्ड वॉटर घातलं.

सुट्टी संपवून सर आले, तेव्हा भांड्यात नुसतं निळं पाणी होतं आणि काडीला बांधलेला एक केस. खडा सगळाच्या सगळा विरघळून गेला होता.

"सर, मला वाटलं पाणी कमी झालंय..." स्नेहल रडायलाच लागली. आता काय होतंय म्हणून आम्ही दाराशी गोळा झालो.

सर ओरडले नाहीत. त्यांनी चिमट्याने केस अलगद वर काढला आणि फिल्टर पेपरवर निजवला. लांबच लांब केस. मुळाशी पांढरा, पुढे तांबूस. मी ओळखला.

"रडू नको गो," सर तिला म्हणाले. "खडा काय, परत वाढतो. हा केस तिच्या कंगव्यात राह्यलेला. एवढाच हाय. हा शाबूत हाय ना, मग झालं."

त्यांनी मोरचुदाचा एक नवा कण निवडला आणि केसासकट स्नेहलच्या हातात दिला. "तूच बांध."

तिने श्वास रोखून गाठ मारली. कण द्रावणात उतरला. सरांनी वाकून भांड्यात डोकावलं.

"मी रिटायर होईपर्यंत हा वाटाण्याएवढासुद्धा नाय होनार," ते म्हणाले. मग आमच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नंतर अधूनमधून बघायला आलो तर चालेल ना?"

"या ना सर," डोळे पुसत स्नेहल म्हणाली. "आणि घाई करायची नाही हं. लिंबाएवढा झाल्याशिवाय आम्ही तुम्हाला नेऊ देणार नाही."