पाळकसाहेब उभे राहतात

माजी पाळकसाहेबांच्या पोटरीत गोळा आला, तेव्हा त्यांच्या नव्या व्यवसायातलं पहिलं भांडण नुकतंच रंगात आलं होतं.

वीस वर्षं चर्च सांभाळून साहेब आता कुटुंब-समुपदेशक झाले होते. अभ्यास पुरा झाला होता. कोपऱ्यात बसलेल्या मार्गदर्शक मॅडमनी आजची बैठक पाहून 'आता एकट्याने करा' म्हणायचं, एवढंच बाकी होतं. नाही म्हणाल्या, तर आणखी वर्षभर उमेदवारी. "उपदेश करायचा नाही," त्यांनी आधीच बजावलं होतं. "त्यांना बोलू द्यायचं."

समोरच्या सोफ्यावर साहेबांच्याच जुन्या चर्चच्या मंडळीतले तिघं होते: बेकरीवाला, त्याची बायको आणि मधोमध सासूबाई. वाद होता रात्री खिडकी उघडी ठेवायची की बंद, असा.

"मी गुदमरते," बायको म्हणाली.

"आणि मी गारठतो, त्याचं काय?"

"तो लहानपणापासूनच गारठतो," सासूबाई म्हणाल्या. "मी दोन पांघरुणं घालायचे त्याला."

"मग न्या की परत तुमच्या खोलीत."

इथे साहेबांना कळ असह्य झाली आणि ते उठून उभे राहिले. तिघंही ताडकन उठले. भांडण जागच्या जागी थांबलं. चर्चमध्ये पाळक उभे राहिले की उभं राहायचं, हे त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक होतं. डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. 'अहो, बसा' म्हणण्यासाठी साहेबांनी हात वर केला, तर तिघांनी आशीर्वादासाठी माना खाली घातल्या.

मॅडमच्या भुवया वर गेल्या.

"बसा," साहेब घाईघाईने म्हणाले आणि जास्तच फसले. त्या आवाजातल्या 'बसा'नंतर काय येतं, ते तिघांना पक्कं माहीत होतं: प्रवचन. बेकरीवाल्याने मागे रेलून डोळे मिटले. सासूबाईंनी पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्या काढून वाटल्या. खोलीत शांतता पसरली. ती तशीच राहू द्यायची, असं साहेब नुकतंच शिकले होते. पण जिभेचं शिक्षण त्याहून जुनं होतं.

"प्रत्येक मनाला एक खिडकी असते," ते म्हणाले, आणि गाडी सुटली. खिडकीवरून दार, दारावरून उंबरठा. तिसऱ्या मुद्द्यावर मॅडम मोठ्याने खोकल्या.

साहेब भानावर आले. "तर, तुम्हाला काय वाटतं?"

कोणी बोलेना. प्रवचनात कोणी उत्तर देतं का? साहेबांनी काहीतरी करायचं म्हणून कागदी रुमालांचा खोका पुढे सरकवला. चर्चमध्ये प्रवचनानंतर दानाची पिशवी फिरते, तसा सासूबाईंनी तो सवयीने मुलाकडे दिला आणि कोपराने त्याला ढोसलं. अर्धवट झोपेत त्याने खिशातून नोट काढली, खोक्यात टाकली आणि खोका बायकोकडे पाठवला.

"एवढी मोठी नोट?" बायको म्हणाली. "आणि पंखा घ्यायला पैसे नाहीत म्हणतोस?"

"झोपेत हात सैल सुटतो त्याचा," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या बापाचंही हेच होतं."

"बघा ना, आई."

"बघतेय ना गं, कधीची."

"मला वाटलं, प्रवचन संपलं," बेकरीवाला पुटपुटला.

"प्रवचन ऐकायला आलो होतो का आपण? तेही फी भरून?"

"तेच म्हणतो मी. एक अक्षर कळलं असेल तर शपथ."

"मलाही नाही कळलं."

"मला तर तेव्हाही कळायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "चला उठा. इथे परत यायचं नाही."

"मुळीच नाही."

"नावच नको."

नोट काढून घेऊन तिघं निघाले. जिना उतरताना सुनेने सासूबाईंचा हात धरला होता, आणि बेकरीवाला दोघींच्या पर्सेस सांभाळत मागून चालला होता.

"म्हणजे आणखी एक वर्ष," साहेब सोफ्यावर कोसळत म्हणाले.

मॅडम दाराकडेच बघत होत्या. "हे तिघं आधी माझ्याकडे यायचे. दीड वर्ष. एकदाही कशावर एकमत झालं नाही त्यांचं." त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "करा एकट्याने काम. अशी आणखी चार कुटुंबं आहेत माझ्याकडे, सोमवारपासून पाठवते. फक्त दुसऱ्यांदा कोणी येणार नाही, तेवढं धंद्याचं गणित तुमचं तुम्ही बघा."