मुंगूसबाईचं प्रेशर आणि सापाची गोळी

एका जंगलात, जिथे नेटवर्क फक्त वारुळावर चढल्यावरच मिळायचं, एक मुंगूसबाई राहत होती. पदरी तीन पिल्लं. शिक्षण भरपूर. त्यामुळे, मुलांनो, काळजीही भरपूर.

एकदा डॉक्टर बगळ्यांनी तिचं प्रेशर मोजलं. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा एकशे सत्तर.

"बाई, हे असंच राहिलं तर एक दिवस मेंदूतली रक्तवाहिनी फुटेल. पिल्लांना आई हवी ना?"

"गोळ्या कुठकुठल्या असतात?" तिने वही उघडली.

"एक जात अंगातलं जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढते. दुसरी हृदयाला जरा सावकाश चालायला लावते. तिसरी, रक्तवाहिन्या आवळणारा रस अंगात तयारच होऊ देत नाही. मग त्या सैलावतात. तुम्हाला तिसरी. रोज एक. हिचा शोध सापाच्या विषावरून लागलाय, बरं का!"

डॉक्टरांनी हे आपलं गंमत म्हणून सांगितलं. शिकलेल्या आईला गंमत सांगू नये.

ती वारुळावर चढली आणि वाचत बसली. तिसरीने म्हणे कोरडा खोकला येऊ शकतो. मग पहिली बरी? पण सारखं झुडपामागे जावं लागलं, तर पिल्लांजवळ कोण? दुसरी? हृदय सावकाश चाललंय आणि नेमका तेव्हाच नाग आला तर?

(हसू नका. औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद तुमच्याही आईच्या उशाखाली असेल. माझ्या आहे.)

आठ दिवस गेले. गोळ्या पाकिटातच. नवव्या दिवशी चक्कर येऊन ती बिळाच्या तोंडाशीच बसली. पिल्लं रडायला लागली.

शेजारची घोरपडकाकू धावत आली. "अगं, गोळी घेतलीस का?"

"काकू, ती सापापासून... आणि दुष्परिणाम..."

"काल अख्खा नाग खाल्लास ना, बये? त्याच्याबरोबर कागद आला होता का?"

मुंगूसबाईने पिल्लांकडे पाहिलं आणि गोळी गिळली. मग रोज गिळू लागली.

महिन्याने डॉक्टरांनी पुन्हा प्रेशर मोजलं. "एकशे वीस. उत्तम!"

"इतकं उत्तम कसं? मशीन बिघडलंय का? असं उतरतच गेलं तर? सकाळी घेऊ की संध्याकाळी? आणि एखाद्या दिवशी चुकलीच, तर..."

सत्तावीस प्रश्न झाले. डॉक्टरांनी तिच्या पायाचा पट्टा सोडला आणि स्वतःच्या पंखाला बांधला.

एकशे पंच्याऐंशी.

"मशीन ठीक आहे," ते म्हणाले.

तात्पर्य : रक्तदाब कधी नाहीसा होत नाही. रोज नेमाने गोळी घेतली, की तो डॉक्टरांकडे राहायला जातो.