दामूकाका आणि सहा पायांची गौरी

आमच्या शेजारचे दामूकाका माणसांना अरे-तुरे करतात आणि जनावरांना ‘तुमी’. सरपंचालाही ते ‘काय रे’ म्हणून हाक मारतात. आमच्या गाईला मात्र, "जरा मान इकडं करता का?" असं विचारतात, कारण त्यांना तिचं चित्र काढायचं असतं.

बोईसरच्या एका कारखान्यात काकांनी तीस वर्षं पाइप रंगवले. कुठल्या पाइपला कुठला रंग, ते कागदावर लिहून यायचं. रिटायर होऊन चिंचणीला घरी बसले आणि दुसऱ्याच दिवशी चुलीतला कोळसा आणि डब्यात उरलेला ऑइल पेंट घेऊन गावातली जनावरं काढायला लागले.

आमच्या गौरीला त्यांनी सहा पाय काढले. आई चिडली. काका शांतपणे म्हणाले, "माश्या बसल्या की किती पाय झाडते, बघितलंस? मी चारच काढले तर बाकीचे कुठं ठेवू?"

जवळच्या दांडी गावाहून मासळी विकायला येणाऱ्या जानकीमावशीने हौसेने आपल्या शेळीचं चित्र मागितलं. कागदभर तोंडच आलं, दात हिरवे. "बाकीची शेळी मागून येते," काकांनी समजावलं. मावशीने चित्र नीट पाहिलं आणि मान्य केलं. त्या शेळीने तिची दोन लुगडी खाल्ली होती.

माणसांची चित्रं काका काढत नाहीत. माणूस समोर बसला की चेहरा करून बसतो, अशी त्यांची तक्रार आहे.

गेल्या मार्गशीर्षात पलीकडच्या वसंताच्या म्हशीचं पारडू मेलं. म्हैस दूध देईना, वैरणीला तोंड लावीना. काका रोज सकाळी तिच्या गोठ्यात जाऊन बसायला लागले. चौथ्या दिवशी आईने माझ्या हाती त्यांना चहा पाठवला. काकांच्या मांडीवरचा कागद कोळशाने भरला होता. डोळे नाहीत, शिंगं नाहीत. नुसता काळा रंग, आणि खाली पोटाशी वीतभर कागद कोरा.

"इथं रंगवायचं राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाय. तिथं पारडू उभं राहायचं."

आता होईल हळूहळू बरी, पुढच्या वेळी दुसरं पारडू होईल, असं काहीबाही मी बोलायला लागलो. काकांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुझी काकी गेली तवा सगळं गाव येऊन बोलून गेलं," ते म्हणाले. "नुसतं बसायला कोण नाय आलं."

मी चहा त्यांच्या हातात दिला, चपला काढल्या आणि शेणाची जागा टाळून शेजारी बसलो.