वायपरचं पोलाद आणि चार वाजताची खिडकी

कपाट शेवटी किल्लीनेच उघडलं. हे वाक्य भावोजींनी अहवालातून खोडायला लावलं आहे, तेव्हा ते तुम्ही वाचलेलं नाही. कपाट अजून बंद आहे, सकाळचे अकरा वाजलेत आणि माझी ताई खोलीत येरझाऱ्या घालते आहे.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, ‘गुन्हेगारी जगताची कायमची डोकेदुखी, तर्कशास्त्राचा शेवटचा थांबा, आणि आठवड्यातून सहा दिवस पाणीमीटर विभागात वरिष्ठ लिपिक.’ आजवर त्यांनी अकरा प्रकरणं हाताळली. सगळी मिटली, कारण तक्रारदारांनी नाद सोडला. मी त्यांचा सहायक. मला विचारलं नव्हतं.

प्रकरण बारावं. ताई सात वर्षं एका वाचनालयात हंगामी नोकरी करते. आता कायम व्हायची संधी होती. त्यासाठी मूळ प्रमाणपत्रं आज चारच्या आत मुख्य कार्यालयाच्या खिडकीवर दाखवायची. प्रमाणपत्रं लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली कालपासून बेपत्ता.

“दुसरी किल्ली?” मी विचारलं.

“कपाटात,” ताई म्हणाली. “हरवू नये म्हणून.”

“मग चावीवाला? तो दहाला येणार होता ना?”

“आला होता,” भावोजी म्हणाले. “कसून चौकशी केली आणि सोडून दिला.”

“सोडून दिला म्हणजे काय हो?” ताई थांबली.

“त्याच्या कडीत दोनशे किल्ल्या होत्या. एकही त्याच्या स्वतःच्या घराची नव्हती. असल्या माणसाला मी कपाटाजवळ जाऊ देऊ?”

ताईने चावीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, पाचनंतर जमेल. साहेब घरी असतील तर पाचनंतरही नाही.

“काळजी नको,” भावोजी म्हणाले. “कुलूप उघडायची हत्यारं मी स्वतः बनवतो. प्रश्न फक्त पोलाद निवडण्याचा आहे.”

हा अभ्यास त्यांनी काल सकाळपासूनच चालवला होता. एक लोहचुंबक घेऊन ते घरभर फिरले होते आणि हाती लागेल तो धातू बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरला होता. प्रत्येक नमुन्याला दोऱ्याने चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक आणि शेरा.

पहिला मान चमच्याला. दांडा ठोकून चपटा केला, कुलपात घातला, जोर लावला. चमचा वळला. कुलूप नाही.

“स्टेनलेस,” भावोजी म्हणाले. “वाकतं आणि वाकलेलंच राहतं. लिही, स्वभावाने गरीब.”

दुसरं हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं. त्याला वाकणं मुळीच माहीत नव्हतं. ते टणकन तुटलं आणि अर्धं खिडकीतल्या कुंडीत जाऊन उभं राहिलं, रोपासारखं. तिसरी छत्रीची काडी. चांगली लवचिक, पण पन्हळीसारखी वळलेली, त्यामुळे भोकात शिरेना. छत्री मात्र आता मिटत नाही.

दरम्यान तर्क चालूच होते. “चोराने किल्ली नेली, कपाट नेलं नाही. म्हणजे तो एकटा होता आणि त्याला कंबरदुखी आहे.”

दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य दारात उभे होते. एक हात कमरेवर.

“कंबर दुखते?” भावोजींनी विचारलं.

“दुखते. दिवसभर वाकून दात बघतो. माझ्या गाडीचा डावा वायपर कुठे आहे?”

भावोजींनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. वायपर त्या वेळी आमच्या गॅसवर होता. म्हणजे, त्याच्या रबरातली बारीक पोलादी पट्टी. खरं सांगतो, निवड उत्तम होती. पट्टी वाकवली की झटकन सरळ व्हायची. पण टोकाला आकडा हवा म्हणून भावोजींनी ती लालभडक केली आणि प्रेमाने हळूहळू थंड होऊ दिली.

दंतवैद्यांनी ती दोन बोटांत धरली. ती ओशाळल्यासारखी खाली झुकली.

“लाल केलीत, संपलं. तिच्यातली स्प्रिंग गेली. थंड ठेवून घासायची असते.”

“तुम्हाला बरं माहीत!”

“माझी सगळी हत्यारं पोलादाचीच आहेत.”

“सहायक, लिहून घे. कबुली.”

सव्वातीन झाले. ताई कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसली. आवाज चढवला नाही, त्यामुळे आम्ही तिघेही घाबरलो.

“अहो, सात वर्षं मी दर अकरा महिन्यांनी नवं नेमणूकपत्र घेते. दर वेळी अनोळखी असल्यासारखी सही करते. मला एकदाच सही करायची होती हो.”

भावोजींनी हातातलं भिंग खिशात ठेवलं. असं पूर्वी झालेलं नाही. त्यांनी डबा तिच्यासमोर ठेवला. “यातलं काही चालेल का बघ. मला आता सुचत नाही.”

ताई एकेक चिठ्ठी वाचत गेली. नवव्या क्रमांकावर थांबली आणि मोठ्याने वाचू लागली.

“‘पितळी. चुंबकाला चिकटत नाही. कडा वेड्यावाकड्या, आधीच कुणीतरी कापलेल्या. कुलूप उघडण्यास सर्वथा अयोग्य.’ अहो, ही किल्ली आहे.”

भावोजींनी भिंगातून पाहिलं. उलटून पुन्हा पाहिलं.

“आहे,” ते म्हणाले. “पण पोलादी नाही.”

कपाट दीड सेकंदात उघडलं. दंतवैद्यांनी ताईला एका वायपरच्या गाडीतून पोहोचवलं. चारला चार मिनिटं असताना तिने खिडकीत कागद सरकवले, शिक्का बसला आणि तिने सही केली. एकदाच.

इकडे भावोजींनी निष्कर्ष काढला. “चोर घाबरला. किल्ली गुपचूप डब्यात ठेवून गेला.”

“चिठ्ठी तुमच्या अक्षरात आहे,” मी म्हणालो.

“सराईत दिसतो.”

त्याच संध्याकाळी त्यांनी ताईच्या मुख्य कार्यालयाला अर्ज पाठवला. नक्कल जोडत आहे.

‘महोदय, आपल्या खिडकीची चार वाजताची मुदत ही तपासकामात सरळसरळ अडथळा आहे. तरी यापुढे कागदपत्रांची मुदत घड्याळावरून न ठरवता, निवडलेलं पोलाद पूर्ण थंड होईपर्यंत देण्यात यावी, आणि निवड चुकल्यास तेवढीच मुदत पुन्हा मिळावी, ही नम्र विनंती. आपल्या शिपायामार्फत वायपरची एक पट्टी पाठवल्यास आभारी राहीन. कृपया डावीकडची.’