सहा वाट्या मैदा

"अगं, चाळीस टनांचा ट्रक मी बसल्या जागी मोजतो, तू वाटीभर मैद्याचं काय घेऊन बसलीस!"

नवरा असं म्हणाला की काहीतरी विपरीत घडणार, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. पण करते काय! उजवा हात प्लास्टरमध्ये आणि संध्याकाळी आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस. जन्मात कुणाकडे काही न मागितलेली आई यंदा चक्क म्हणाली होती, "मला तुझ्या हातचा केक खायचाय." आता लेकीचाच हात गळ्यात अडकवलेला, म्हणून जावयाचे दोन हात कामाला लावणं आलं. जावई ट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरीला. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करायचं, की मालाचं वजन हाती! वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे जगातलं काहीही वजा करायला तो एका पायावर तयार असायचा.

कृती होती ग्रॅममध्ये, मैदा दोनशे चाळीस ग्रॅम, आणि घरातला काटा नेमका बंद पडलेला. शेजारच्या लोकरकाकू स्वेटर विणून विकायच्या. लोकर मोजायचा छोटा काटा घेऊन त्या आल्या खऱ्या, पण त्यांच्या दारात पार्सलवाला ताटकळत होता. "दोनच मिनिटं हं!" त्यांनी बजावलं.

"खूप झाली! एका वाटीत किती ग्रॅम मावतात ते कळलं, की पुढे सगळं वाट्यांनीच!" त्याने रिकामी वाटी काट्यावर ठेवली. "सत्तर," तो पुटपुटला आणि मैद्याचा डबा काढायला वळला. तेवढ्यात काकूंनी सवयीने बटण दाबून आकडा शून्यावर आणला. त्याने वाटी भरली, आकडा पाहिला, डोळे मिटून हिशेब केला. काकू काटा उचलून पळाल्या.

"सहा वाट्या मैदा!" त्याने जाहीर केलं.

"सहा? अहो, एरवी भांड्यात एवढं पीठ दिसत नाही हो!"

"दिसण्यावर जाऊ नये, वजनावर जावं."

चौथ्या वाटीला चमचा उभा राहिला. पाचव्या वाटीला तो हलेना. सहाव्या वाटीला वाकला!

"अहो, दूध तरी वाढवा!"

"कृतीत नाही."

"हे केकचं मिश्रण आहे की भिंतीचा गिलावा?"

"ओव्हनमध्ये सैल होईल."

"ओव्हनमध्ये कधी काही सैल झालंय का?" ती ओरडली. आपला डावा हात अजून धड आहे, त्याचा काहीतरी उपयोग करावा, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

संध्याकाळी आईने हौसेने सुरी चालवली. सुरी अर्ध्यात रुतली. आईने ती वर ओढली, तर अख्खा केक सुरीसकट वर आला! लोकरकाकूंनी तोंडाला पदर लावला. लेकीच्या मात्र डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, आणि तिचीही अशी माती व्हावी!

"वाटीभर मैदा भरला तरी किती होता?" तिने दातओठ खात विचारलं.

"काटा एकशेदहा म्हणत होता. पण मी फसतो होय? वाटीचे सत्तर वजा केले, राहिले चाळीस!"

"अहो भाऊ," काकू चाचरत म्हणाल्या, "बटण दाबून वाटी मी आधीच वजा केली होती की हो!"

जावयाची मान खाली गेली ती गेलीच.

आईने केकचा कोपरा दोन्ही हातांनी कसाबसा मोडला, चहात बुडवला आणि शांतपणे चघळू लागली. "भिजला की बरा लागतो गं," ती लेकीला म्हणाली. मग ताट तळहातावर तोलत तिने विचारलं, "जावईबापू, वजन किती भरेल हो याचं?"

त्याची मान झटकन वर आली.

"ताटासकट," त्याने विचारलं, "की ताटाशिवाय?"