न उघडलेलं कॉलेज बंद करताना

प्रयोगशाळा कशी लावावी हे कुणाला बघायचं असेल, तर त्यानं नावड्याला येऊन मला भेटावं! एक बाटली लेबलाशिवाय नाही, एक ब्युरेट गळकी नाही. चूक काढून दाखवा! अडचण एकच, अगदी बारीकशी. ही प्रयोगशाळा ज्या फार्मसी कॉलेजात आहे, ते अजून सुरूच झालेलं नाही.

कॉलेज हरेशशेठचं. घराणं एकेकाळी भात पिकवायचं, आता इमारती उगवतात. शेठनी कॉलेज बांधलं, मी एम.एस्सी. होताच मला लॅब सांभाळायला ठेवलं, आणि सरकारनं जाहीर केलं की फार्मसी कॉलेजं फार झाली, आता नवीन नकोत! शेठ कोर्टात गेले. तारखा पडत राहिल्या. परवानगी आली की मी कायम होणार होते. तोवर रोज जुईनगरहून येऊन रिकाम्या बाकांवरची धूळ पुसत होते.

शेवटी कोर्ट म्हणालं, कॉलेज खरंच तयार आहे का ते तरी बघा. पाहणीला समिती येणार असं ठरलं.

आदल्या दिवशी शेठ वर्गात शिरले आणि हळहळले.

"मॅडम, वऱ्हाडाशिवाय मांडव वाटतंय हे! पोरं पायजेत."

"शेठ, समिती तयारी बघणार आहे. पोरं असायलाच नकोत!"

"माणसं दिसली की शोभा येते. आपले पावने आनतो. बसतील गप."

सकाळी टेम्पो भरून पाहुणे आले. पुढे शेठच्या आत्या शेवंताबाई, मासळी बाजार उरकून थेट! आता इथं मी गप्प राहायला हवं होतं. पण अर्धवट प्रयोग मला करवत नाही. बसवायचेच तर नीट बसवू, म्हणून मी सगळ्यांना ॲप्रन दिले, रोल नंबर दिले, फळ्यावर वेळापत्रक लिहिलं आणि शेवंताबाईंना ब्युरेटनं थेंब सोडायला शिकवलं. चंचुपात्रात गुलाबी रंग आला तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकूनच समिती आत आली.

अध्यक्ष जागीच थबकले. "आजी, तुम्ही इथं शिकता?"

"मंग! दुसरं वरीस हाय माजं!"

(दुसरं का, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, "पैलं बोलले असते तं माजी काय इज्जत राहिली असती?")

"परवानगी नसताना दुसरं वर्ष?" अध्यक्ष कडाडले.

"नाही सर!" मी धावले. "हे विद्यार्थी नाहीत, शेठचे नातेवाईक आहेत!"

"म्हणजे प्रवेश नात्यातच वाटले?"

"प्रवेश दिलेच नाहीत!"

"प्रवेशाशिवाय शिकवता?"



अहवाल आला: महाविद्यालय बेकायदा चालू आहे, ताबडतोब बंद करावे.

"उघडलंच नाय, तं बंद काय करू?" शेठनी कपाळावर हात मारला. "आदी उघडू द्या, मंग बंद करतो!"

आमचे वकील कमळाकर मात्र शांत होते. "वर्ग खरा म्हटलं तर बेकायदा. खोटा म्हटलं तर समितीची फसवणूक. तेव्हा आपण काहीच म्हणायचं नाही!"

कोर्टात ते इतकं सुंदर काहीच म्हणाले नाहीत, की पुढच्या तारखेपर्यंत 'जैसे थे'चा आदेश मिळाला. शेठनी पेढे आणवले. मी पेढा तोंडात घातला, आणि वकिलांनी आदेशाचा अर्थ सांगितला.

"समितीनं जे पाहिलं, ते तसंच राहिलं पाहिजे. वर्ग, विद्यार्थी, मॅडम. सगळं."

"मग मला कायम तरी करा!"

"कायम केलं तर स्थिती बदलते."

"मग मी सोडून जाते!"

"तरी बदलते."

तेव्हापासून मी ना कायम आहे, ना मोकळी. टेम्पो रोज येतो. पुढची तारीख पुढे गेली आहे, तिच्या पुढची अजून पडायची आहे.

काल अगदीच कंटाळा आला म्हणून मी दांडी मारली. दुपारी फोन वाजला.

"मॅडम, बरं नाय कं? वर्ग खोळंबलाय," शेवंताबाई करड्या आवाजात म्हणाल्या. "उद्या येताना घरच्यांची चिठ्ठी आना!"